काकू बाजूला होत नाहीत

काकूंच्या गल्लीत दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं, आणि मागे जाणारी गाडी काकूंचीच, हे गल्लीतल्या मांजरांनाही पाठ होतं. टोकाच्या बंगल्यातले रिटायर्ड साहेब गेटातून बाहेर पडून जेमतेम गाडीभर पुढे आलेले असायचे. काकू निम्मी गल्ली पार करून आलेल्या असायच्या. तरी साहेब हेडलाइट मिचकावायचे आणि काकू रिव्हर्स टाकायच्या. शाळेची व्हॅन, दोन्ही बाजूंना भिंती, मागच्या काचेवर पोरांच्या बोटांचे ठसे. काकू ती व्हॅन अशी सरळ मागे न्यायच्या की भिंतीवरच्या शेवाळालाही पत्ता लागू नये. साहेब जाताना हात वर करायचे. तो आभाराचा होता की आशीर्वादाचा, हे कधी कळलं नाही.

"भीड ही भिकेची बहीण," यजमान शेजारच्या सीटवरून म्हणायचे. यजमान चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवतात, आणि गाडीत बसले की ब्रेक दाबतात. त्यांच्या बाजूला ब्रेक नसतो, ही गोष्ट त्यांनी लग्नापासून मनावर घेतलेली नाही. तिथलं पायपुसणं झिजून त्याला भोक पडलंय.

काकू पोरांना शाळेत पोचवतात. व्हॅनमधली पोरं त्यांना काकू म्हणतात म्हणून पोरांचे आईबापही काकू म्हणतात, आणि मग सगळं गावच. त्यांच्या व्हॅनला आजवर ओरखडा नाही. मागे पोरं पेंगतात, कारण व्हॅन कधी थांबली आणि कधी निघाली ते अंगाला कळतच नाही. आता एवढं असल्यावर बाई गाडी चालवण्यात कच्ची आहे असं कोण म्हणेल? पण ती कच्चीच निघाली, आणि तेही अशा ठिकाणी, जिथे सगळ्यांसमोर कळावं.

काकूंच्या धाकट्या भावाचं गॅरेज आहे. शहराबाहेर रेसिंगचा ट्रॅक आहे, तो अधूनमधून सुट्टीच्या दिवशी हौशी लोकांना खुला करतात. फी भरा, हेल्मेट घाला, आपापली गाडी पळवा. शर्यत नाही, बक्षीस नाही. ट्रॅक डे म्हणतात त्याला. भावाने त्यासाठी एक जुनी छोटी गाडी आतून पार सोलून काढली होती. मागची सीट गेली, दारांची अस्तरं गेली, आणि त्या जागी लोखंडी नळ्यांचा पिंजरा आला. काकू एकदा त्याच्याबरोबर चहाचा थर्मास सांभाळायला गेल्या. दुपारी भावाने सहज विचारलं की ताई, एक फेरी मारतेस का. नाही म्हणेल म्हणूनच विचारलं होतं. ताईने थर्मासचं झाकण घट्ट लावलं आणि हो म्हणाली.

त्या दिवशी ट्रॅकवर ज्याला ज्याला चाकं होती तो काकूंच्या पुढे गेला. मागून गाडी दिसली की काकू कडेला सरकून वाट द्यायच्या, दुसरी दिसली की पुन्हा सरकायच्या. अर्धा वेळ त्यांचे डोळे आरशातच होते. सवयीने त्या मागच्या सीटवरची पोरंही बघत होत्या, आणि तिथे नुसत्या नळ्या दिसल्या की दर वेळी दचकत होत्या. शेवटी एका पिवळ्या गाडीला वाट द्यायला त्या ज्या बाजूला सरकल्या, त्याच बाजूने पिवळी पुढे निघायला आली होती. दोन्ही गाड्या गवतात उतरल्या. मध्ये हातभर अंतर राहिलं, एवढंच नशीब.

तिथे एक मास्तर होते. एके काळी शर्यतीत गाडी पळवायचे. गुडघा गेल्यापासून हौशी लोकांना शिकवायचे. स्टुलावर बसून गुडघा चोळत सगळं बघायचे आणि कधी ओरडायचे नाहीत. त्यांनी काकूंना बोलावून घेतलं.

"बाजूला का झालात?"

"त्यांना घाई होती."

"त्याला घाई होती तर वाट शोधणं त्याचं काम. मागच्याला तुमच्याकडून एकच हवं असतं, तुम्ही आता कुठे जाणार ते कळायला हवं. तुम्ही आपल्या लाइनवर राहा. इथे सज्जनपणा दोघांच्याही अंगाशी येतो, काकू."

लाइन म्हणजे वळणातून जायची वाट. बाहेरच्या कडेकडून यायचं, आतल्या कडेला टेकायचं, पुन्हा बाहेर सुटायचं. ती डांबरावर आखलेली नसते. गाड्यांच्या टायरांनी काळी पडलेली असते, एवढंच. आता बाजूला होऊ नकोस हे यजमान जन्मभर सांगत होतेच, पण सोनारानेच कान टोचलेले बरे. मास्तरांनी काळी चिकटपट्टी काढली आणि गाडीतल्या आरशावर लावून टाकली. मागे पोरं नाहीत, म्हणाले, पुढे बघा.

नव्याचे नऊ दिवस म्हणून घरच्यांनी सोडून दिलं. पण काकू पुढच्या ट्रॅक डेला हजर, त्याच्या पुढच्यालाही हजर. त्या सावकाशच शिकल्या, आणि मला विचाराल तर त्यांचं खरं कौतुक तिथेच आहे. गती अंगात घेऊन जन्मलेले पुष्कळ असतात आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखं फारसं काही नसतं. काकूंनी एकेक वळण भाजी निवडावी तसं निवडलं. ब्रेक कुठे दाबायचा, त्याहीपेक्षा तो कुठे हळूहळू सोडायचा, नजर वळणाच्या आत न ठेवता वळण संपतं तिथे कशी ठेवायची, हात कसे गप्प ठेवायचे. घरी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, हातात पातेल्याचं झाकण धरून, डोळे मिटून त्या अख्खा ट्रॅक फिरायच्या. यजमान समोरच्या खुर्चीत बसून ब्रेक दाबायचे, तेही चुकीच्या वळणांवर. व्हॅन मात्र रस्त्यावर पूर्वीसारखीच चालायची, पोरं पूर्वीसारखीच पेंगायची. ट्रॅकवरचं रस्त्यावर आणलं तर तुझ्या गाडीची चावी परत देईन, असं त्यांनी भावाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

मध्ये एकदा गर्वाचं घरही खाली झालं. एका लाल गाडीला त्यांनी मागे टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी मागे टाकलं, आणि त्या आनंदात पुढच्या वळणावर ब्रेक उशिरा दाबला. गाडी भोवऱ्यासारखी गरगरली आणि गवतात उलट्या तोंडाने उभी राहिली. समोरून गाड्या येताना दिसत होत्या. काकूंची पाचावर धारण बसली. परत आल्यावर मास्तर म्हणाले की तुम्ही स्पर्धा लाल गाडीशी लावलीत, ती वळणाशी लावायची असते. काकू घरी येऊन जेवल्याही नाहीत. बास झालं, असं रात्रभर मनाशी घोकलं. पुढच्या ट्रॅक डेला गेट उघडायच्या आधी गेटापाशी उभ्या होत्या.

मग ती सहा तासांची शर्यत आली. जुन्या, स्वस्त गाड्यांची; एका गाडीला तीन चालक, आळीपाळीने चालवायची, आणि सहा तासांत जास्तीत जास्त फेऱ्या. भावाच्या संघात तो स्वतः आणि त्याचा मित्र, दातांचा डॉक्टर, असे दोघे ठरलेले होते. तिसरी सीट रिकामी होती आणि काकूंना ती हवी होती. इतकी हवी होती की त्यांनाच स्वतःची लाज वाटत होती. डॉक्टरांनी आडून आडून सांगून पाहिलं की काकू देवमाणूस आहेत, पण आपण शेवटून पहिले येऊ. ते भावाशी बोलत होते तेव्हा काकू शेजारीच टायर पुसत होत्या. त्या क्षणी कोणी तोंडावर म्हटलं असतं की काकू, सोडा, तर त्यांनी सीट सोडलीही असती, वर चहा पाजला असता. सुदैवाने तोंडावर म्हणायची हिंमत कोणात नव्हती. भावाने तोडगा काढला: तो सुरुवात करेल, डॉक्टर शेवट करतील, मधला तुकडा ताईचा.

शर्यतीच्या दिवशी आपली पाळी आली तेव्हा काकू भावाचा जुना, ढगळ सूट घालून, बाह्या दुमडून, पाठीमागे घरची उशी लावून बसल्या. आरशावरची पट्टी मास्तरांनी स्वतः काढली. आता मागचं बघावंही लागणार होतं, पण बघून बाजूला व्हायचं नव्हतं. यजमानांकडे फळा दिला होता, त्यावर खडूने लिहून ट्रॅकच्या कडेने दाखवायचं. त्यांनी काकूंच्या पहिल्याच फेरीला "सावकाश" असं सुवाच्य अक्षरात लिहून धरलं. मास्तरांनी ते पुसायला लावलं.

भावाने गाडी जीव खाऊन पळवली होती. सोपवताना सगळं झकास आहे म्हणाला. दुसऱ्याच वळणावर काकूंच्या पायाने सांगितलं की झकास नाही. ब्रेक लागत होता, पण खरखरत होता. चाकाला धरणारे पॅड घासून संपत आले होते. काकूंनी ब्रेक लवकर आणि हलका दाबायला सुरुवात केली, गीअर खाली घेऊन गाडी आवरली, आणि जेवढा वेग वळणाआधी गेला तेवढा वळणातून अलगद सुटताना परत मिळवला. वीसेक पोरं मागे पेंगत आहेत अशा बेताने.

लांबलचक उजव्या वळणावर आरशात दोन गाड्या दिसल्या. शर्यतीतल्या पहिल्या दोन. एकमेकींना चिकटून, दिवे लावून, वाऱ्यासारख्या येत होत्या. काकूंचे हात स्टिअरिंगवर सवयीने वळवळले. थोडंसं बाहेर, थोडीशी वाट, जन्मभर केलं तसं. त्यांनी दात आवळले आणि नजर वळणाच्या शेवटावर ठेवली. गाडी आपल्या काळ्या लाइनवर राहिली. एक डावीकडून गेली आणि दुसरी उजवीकडून, दोन्ही एकाच वेळी. काकू कुठल्याही बाजूला वीतभर सरकल्या असत्या तरी तीन गाड्यांचं भंगार झालं असतं. कडेला झेंडा घेऊन उभा असलेला माणूस अंगठा वर करून दाखवत होता. काकूंना तो धूसर दिसला, कारण हेल्मेटच्या आत त्या रडत होत्या, आणि हेल्मेटमध्ये डोळे पुसता येत नाहीत.

तुकडा संपवून त्या आत आल्या आणि उतरल्या उतरल्या भावाला सांगितलं की ब्रेक बघ. भावाने चाकात डोकं घातलं. पॅड नखाएवढे उरले होते. सोबत आणलेले नवे पॅड काढले, तर ते दुसऱ्याच गाडीचे. गॅरेजवाला माणूस, दिवसभर लोकांना पॅड बदलून देणारा, आपल्या शर्यतीला चुकीचा खोका घेऊन आला होता. त्याने स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

पेट्रोल भरणं चालू होतं. डॉक्टर हेल्मेट, हातमोजे घालून तयार उभे होते. वाट बघण्यात त्यांचा अख्खा दिवस गेला होता. ते वाकले, चाकातून आत बघितलं, आणि मग सावकाश एकेक हातमोजा काढला.

"माझ्याने हे व्हायचं नाही. मी ब्रेक उशिराच दाबतो, ती खोड जात नाही. गाडी शेवटपर्यंत न्यायची असेल तर काकूंनीच जावं," म्हणाले, आणि दारापासून बाजूला झाले.

"अहो नको, तुमची पाळी आहे. तुम्ही बसा," काकू म्हणाल्या.

म्हणून झालं आणि आपण काय म्हणालो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. पलीकडे स्टुलावर मास्तर गुडघा चोळत बसले होते. ते तिच्याकडेच बघत होते. काकूंनी टेकवलेलं हेल्मेट उचललं.

"बरं. मी जाते," त्या म्हणाल्या, आणि उशी सारखी करून आत बसल्या.

त्यांनी गाडी शेवटच्या झेंड्यापर्यंत आणली. पहिल्या आल्या नाहीत. तसं काही झालं असतं तर मीच विश्वास ठेवला नसता. पण दुपारी त्यांना मागे टाकून गेलेल्या कितीतरी गाड्या संध्याकाळी बॉनेट उघडून उभ्या होत्या, आणि काकूंची चालत होती. मधल्या फळीत नंबर आला. भाऊ बहिणीच्या गळ्यात पडून रडला. डॉक्टर तर तेव्हापासून ही गोष्ट प्रत्येक पेशंटला सांगतात. तोंड उघडं ठेवून बसलेला माणूस मध्ये बोलत नाही.

संध्याकाळी काकू आणि यजमान व्हॅनमधून घरी निघाले. मागे टायर, रिकामा थर्मास, फळा. यजमान बोलत होते, काकू गाडी चालवत होत्या. गल्लीत शिरून निम्म्यापर्यंत आल्या आणि समोर गेटातून साहेबांची गाडी बाहेर पडली. नेहमीप्रमाणे गाडीभर पुढे येऊन थांबली. दिवे मिचकले.

"अगं, घे मागे," या वेळी यजमानच म्हणाले.

काकूंनी हँडब्रेक ओढला आणि हात मांडीवर ठेवले.

"गेट त्यांच्या मागेच आहे," त्या म्हणाल्या. "त्यांनाही येतं की रिव्हर्स."

दिवे पुन्हा मिचकले. मग आणखी एकदा. काकू राग न धरता, घाई न करता बसून राहिल्या. मग साहेबांच्या गाडीचा मागचा दिवा लागून गेटावर उजेड पडला. गाडी वाकडी झाली, पुढे आली, पुन्हा मागे गेली, गेटापाशी ठेवलेली कुंडी कलंडली, आणि एकदाची आत गेली. काकूंनी व्हॅन पुढे घेतली. यजमानांचा पाय त्या झिजलेल्या पायपुसण्यावर नुसता टेकलेला होता. साहेबांच्या समोरून जाताना काकूंनी हात वर केला, आणि तो आभाराचाच होता.