टेस्टरचा डावा पाय

आमच्या गल्लीतल्या वायरमनला सगळे टेस्टर म्हणतात, कारण त्याच्या पिशवीत टेस्टर कधीच नसायचा. तार जिवंत आहे की मेलेली, हे तो बोटांच्या पाठीने बघायचा. हलकेच टेकवायची, हात झटकायचा आणि म्हणायचं, "आहे." त्यात कसब होतं हे मी मान्य करतो, पण कसबापेक्षा तोरा जास्त होता.

मेलेल्या माणसाबद्दल बरं बोलावं लागतं. हा अजून जिवंत आहे, तेव्हा मी मोकळा आहे. माणूस खवचट. गिऱ्हाइकाच्या घरात शिरल्या शिरल्या विचारायचा, "हे वायरिंग कोणत्या गाढवाने केलं?" आणि निम्म्या वेळा ते यानेच केलेलं असायचं. बायकोला तर बारा महिने धारेवर धरलेलं. चहा गार, भाकरी कडक, दार उघडायला उशीर. त्या माउलीला मी वहिनी म्हणतो. त्यांच्या तोंडून उलट शब्द मी कधी ऐकला नव्हता, आणि माझे कान कसे आहेत ते गल्लीला ठाऊक आहे.

टेस्टरला पंधरा वर्षं साखर. गोळी आठवली तर घ्यायची. पायांची जाणीव हळूहळू गेली, तर त्याचंही याने कौतुक करून घेतलं. भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर अनवाणी उभा राहायचा. "बघा, काही होत नाही!" लोक टाळ्या वाजवायचे. मीही वाजवल्या, खोटं कशाला सांगू.

मग एकदा वहिनी फरशी पुसत होत्या. एक डाग पुसला, पुढे दुसरा. डागांची ओळ थेट नवऱ्याच्या खुर्चीपाशी गेली. डाव्या तळव्यात, अंगठ्याच्या मुळाशी, स्विचबोर्डाचा स्क्रू रुतलेला. किती दिवसांचा, देव जाणे. टेस्टरने तो पकडीने उपटला, पुसला आणि डबीत टाकला. "चालेल अजून," म्हणाला. पाय की स्क्रू, ते काही बोलला नाही.

जखम भरेना. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी मेलेली कातडी खरवडली, पट्टी बांधली, साखर आवरायला सांगितली आणि एक बोजड बूट दिला. तो घातला की जखमेवर भार येत नाही. शिडी बंद. महिना गेला तरी फरक जेमतेम. तेव्हा पायात रक्त नीट पोचतंय हे तपासून त्यांनी फिजिओथेरपीच्या खोलीत पाठवलं. इतर उपचारांच्या जोडीला विजेचा सौम्य प्रवाह देऊन बघू, म्हणाले. आणि जाता जाता सांगितलं, "हाडापर्यंत गेलं तर अंगठा जाईल. कदाचित पुढचा अर्धा पाय."

शिडीच्या पायरीवर माणूस उभा राहतो तो पायाच्या पुढच्या भागावर. तो गेला की धंदा गेला. हे टेस्टरला कळलं, आणि पहिल्यांदाच कुणाला गाढव न म्हणता तो सांगितलेल्या खोलीकडे निघाला. मी सोबत होतो म्हणून सांगतो. मदतीला म्हणून गेलो होतो. मदत कसली, ऐकायला गेलो होतो.

फिजिओथेरपीवाली मुलगी चटपटीत. तिने जखमेच्या वर, पोटरीच्या बाजूला दोन चिकटपट्ट्या लावल्या, पेटीचं बटण फिरवलं.

"मॅडम, मशीन मेलंय तुमचं," टेस्टर म्हणाला.

"चालू आहे, काका."

"चाळीस वर्षं करंट हाताळतोय. मला सांगू नका."

तिने त्याच पट्ट्या काढून त्याच्या दंडाला लावल्या, बटण होतं तिथेच. टेस्टर बाकावरून वीतभर उडाला. मला हसू दाबायला खिशातला रुमाल तोंडात कोंबावा लागला.

"म्हणजे करंट आहे," ती म्हणाली. "पायाला कळत नाही, एवढंच. म्हणून अंदाजावर जायचं नाही, आकड्यावर जायचं. घरी न्यायचं मशीन देते. ही लाल खूण केली बघा. इथपर्यंत, रोज अर्धा तास. पुढे नेलंत तर कातडी भाजेल आणि तुम्हाला कळणारही नाही. आणि हे नुसतं हातभार लावायला आहे, काका. बूट, पट्टी, गोळ्या, सगळं चालूच ठेवायचं."

आकडे आणि खुणा म्हणजे शिकाऊ लोकांची सोय, असं ज्याने आयुष्यभर म्हटलं, तो काय ऐकणार? लाइन तपासल्याशिवाय चालू करायची नाही, हा त्याचा नियम. स्वतःच्या बोटांचीही धार आता गेली होती, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. दंडाला पुन्हा लावायची छाती नव्हती. मग तपासायचं कशावर?

माझी खिडकी त्यांच्या खिडकीसमोर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्याने वहिनींना समोर बसवलं आणि पट्ट्या त्यांच्या मनगटाला लावल्या.

"अहो, मला कशाला?"

"मग काय शेजाऱ्याला लावू? हात दे इकडे. लागलं की ओरड."

आता वहिनींची खोड अशी, की दुखलं तर त्या दात आवळतात. त्या ओरडेनात म्हणून हा बटण फिरवत गेला. लाल खूण मागे पडली. हात कोपरापासून उडायला लागला तेव्हा कुठे "आई गं!" आलं. "आहे," टेस्टर समाधानाने म्हणाला, आणि पट्ट्या तशाच स्वतःच्या पायाला. संध्याकाळी लाल चौकोन उमटले. दोन वहिनींच्या मनगटावर, दोन याच्या पायावर.

बाई शिकल्या. उशिरा ओरडलं की जास्त बसतो, लवकर ओरडलं की कमी. तिसऱ्या दिवशी खुणेवरच ओरडल्या, पाचव्या दिवशी निम्म्यावर. पंधरवड्यात त्या अशा तरबेज झाल्या, की बटण 'टक्' करून दिवा लागायचा तोच "आई गं!" हा बघायचा बायकोच्या तोंडाकडे, आकड्याकडे कधीच नाही. ओरड ऐकली की हात थांबायचा आणि पट्ट्या पायाला. त्यात करंट जवळजवळ शून्य. मला खिडकीतून सगळं दिसत होतं. मी बोललो का? नाही बोललो. फुकटची करमणूक आपल्या हाताने कोण बंद करतं?

समोरचा इस्त्रीवाला त्या ओरडीवर घड्याळ लावायचा. "वहिनींचे नऊ वाजले," म्हणायचा.

इकडे टेस्टरला वाटलं, रोज भरपूर करंट जातोय, आता बूट कशाला? "पाय चार्ज झालाय," सांगत तो जुन्या चपला घालून शिडीवर चढला. वहिनी एकदाच म्हणाल्या, "अहो, बूट घाला."

"तू ओरडायचं काम कर. तेवढंच येतं तुला."

त्यानंतर त्या बुटाबद्दल बोलल्या नाहीत.

मधल्या दोन तपासण्या त्याने बुडवल्या. सहा आठवड्यांनी पट्टीला वास यायला लागला, तेव्हा आम्ही तिघं हॉस्पिटलात. फिजिओथेरपीवालीने मशीन उघडलं आणि बॅटरी तपासली.

"काका, बॅटरी किती बदलल्या?"

"एकही नाही! वस्तू जपून वापरतो मी."

"ही जवळजवळ भरलेली आहे. म्हणजे मशीन नीट लागलेलंच नाही."

"लागलं नाही कसं? ही रोज ओरडत होती!"

मुलीने वहिनींच्या मनगटावरच्या फिकट चौकोनांकडे बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडे. "काकू?"

"ओरड म्हणाले, ओरडले," वहिनी म्हणाल्या. "किती लागल्यावर, ते नव्हतं ठरलं."

टेस्टरने हात उगारला. मी मध्ये पडलो नाही, पण डॉक्टर आत आले म्हणून हात खाली आला. डॉक्टरांनी सळई घालून जखम बघितली. सळई थेट हाडाला लागली. ते म्हणाले, मशीन नीट लावलं असतं तरी या पायावर चालून ही जखम भरली नसती. "शिडीने घालवलं हे," म्हणाले. टेस्टरने त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं, तेही अर्धं.

पुढचा अर्धा पाय काढला. उरलेली जखम भरायला बूट, पट्टी आणि पुन्हा ते मशीन, पण आता हॉस्पिटलातच, मुलीच्या हाताने, आकड्यावर. टेस्टरचं तिथे कुणी ऐकत नाही. अडीच महिन्यांत बरीच भरत आली.

आता तो दिवसभर दारात खुर्ची टाकून बसतो. वायरिंगला दुसरा माणूस येतो, तो गळ्यात टेस्टर लटकवतो. जाणाऱ्या-येणाऱ्याला टेस्टर सांगतो, "टाच वाचवली करंटने, बोटं खाल्ली बायकोने." वहिनी तिथेच खाली बसून पट्टी बांधत असतात. ऐकतात. एक वेढा जास्त घेतात आणि जोरात ओढतात.

परवा मी म्हटलं, "वहिनी, जरा घट्ट होत नाही ना?"

त्यांनी मान वर केली नाही. "भाऊजी, पाय त्यांचा आहे," म्हणाल्या. "त्यांनाच विचारा की."

मी विचारलं. टेस्टर म्हणाला, अगदी बरोबर बसलीय.