शेततळ्यावरून ओटीपी

गेल्या हुरड्याच्या दिवसांत मी झरीजवळच्या एका शेततळ्याच्या बरोबर मध्यभागी, पाण्यापासून चार हात उंच, लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर पाऊण तास बसून होतो. खुर्चीखाली काहीही नव्हतं.

हे मी मुलीच्या भवितव्यासाठी केलं.

झालं असं, की आमची प्रणिता पोलीस भरतीला उतरली आणि मैदानी चाचणीत धावताना थोडक्यात राहिली. घरी आली ती बूट माळ्यावर फेकून पांघरुणात शिरली. नवी भरती निघाली, फॉर्मची शेवटची तारीख जवळ आली, तरी पोरगी हलेना. "परत नापास झाले तर सारी गल्ली हसंल, पप्पा," एवढंच म्हणायची. मी पडलो मराठीचा शिक्षक. 'अपयशाला घाबरू नका' या विषयावर मी चाळीस मिनिटं बोलू शकतो (पाणी न पिता!). ते भाषण तिला तीनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा ती झोपली. पण खरं सांगतो, रोज पहाटे उठून पळणारी पोर दुपारी बारापर्यंत भिंतीकडे तोंड करून पडलेली बघितली, की मला जेवण जायचं नाही.

नेमकं शेवटच्या तारखेलाच माझ्या मेहुण्याकडून, म्हणजे बाळूकडून, शेतावर हुरडा खायला बोलावणं आलं. बाळूचं डोकं कधी स्वस्थ बसत नाही. यंदा त्याने तिकीट लावून 'साहसी हुरडा पार्टी' काढली होती. हुरडा नेहमीचाच, साहस मात्र बाळूने स्वतः तयार केलेलं. शेततळ्याच्या अलीकडच्या लिंबापासून पलीकडच्या लोखंडी खांबापर्यंत, विहिरीतली मोटार ओढायचा तारेचा दोर ताणलेला. त्यावर एक कप्पी. कप्पीला चार दोऱ्यांनी टांगलेली मंडपवाल्याची खुर्ची. बसायचं आणि घरंगळत पलीकडे जायचं.

"तपासून बघितलंस का रे?" मी विचारलं.

"म्हंजे काय! सोयाबीननं भरलेला कट्टा बसवून सोडला, दाजी. सुर्रकन पलीकडं!"

"कट्ट्याला जीव नसतोय, मामा," प्रणिता म्हणाली.

"म्हणूनच भ्याला न्हाई!" बाळू म्हणाला. "तू बस की."

"नको. मधीच अडकले तर? समदे बघायलेत."

हाच तो 'तर'! तीन महिने माझ्या घरात मुक्काम ठोकून बसलेला! त्याला तिथल्या तिथे मोडून काढायचं मी ठरवलं. मी चष्मा सावरला, शर्ट खोचला आणि खुर्चीत बसलो.

"अहो," बायको म्हणाली, "तुमी एक कट्टा न्हाईत. दोन हाईत."

"सुनंदा, माणसाने कधीतरी धाडस करावं," मी म्हणालो. "बघ गं प्रणिता!"

बाळूने ढकललं. सुरुवात फारच सुंदर झाली. वारा लागला, खालचं पाणी चमकलं, मी "हे असं!" म्हणून ओरडलोसुद्धा. मग दोर माझ्या वजनाने मधे वाकला. खुर्ची सुसाट मध्यावर आली, थोडी मागे गेली, थोडी पुढे गेली आणि थांबली. पलीकडचा काठ आता चढावर होता. अलीकडचाही!

मग बाळूने बैलाचा कासरा आणला आणि टोक माझ्याकडे फेकलं. पहिल्यांदा ते पाण्यात पडलं. दुसऱ्यांदाही पाण्यात पडलं. तिसऱ्यांदा नेम बरोबर बसला, माझ्या चष्म्यावर. चष्मा पाण्यात गेला.

"हालू नका!" बायको ओरडली.

"हाला, दाजी! झोका घ्या!" बाळू ओरडला.

एव्हाना हुरडा खायला आलेली मंडळी ताटल्या घेऊन बांधावर येऊन बसली होती. शेजारच्या शेतातले एक म्हातारबाबा कपाळावर हात धरून बराच वेळ माझ्याकडे बघत होते.

"गुरुजी, वर काय करायलात?"

"अडकलोय, बाबा."

"बरं, बरं," ते म्हणाले आणि बाळूकडे वळले. "ह्याचं तिकीट येगळं हाय का रं?"

तेवढ्यात मला कुणाचंतरी हसू ऐकू आलं. प्रणिता! पोट धरून, खाली बसून, डोळे पुसत हसत होती. तीन महिन्यांत पहिल्यांदा! बाप म्हणून मला बरं वाटलं. लटकलेला माणूस म्हणून मात्र फार राग आला. मग तिने मोबाइल बाहेर काढला.

"व्हिडिओ काढू नको!" मी ओरडलो.

"व्हिडिओ बांधावरच्या पोरांनी कवाच काढला, पप्पा! मी फॉर्म भरायलेय!"

"आत्ता?"

"आज शेवटची तारीख हाय! पण पासवर्ड इसरले. ओटीपी तुमच्या मोबाइलवर आलाय. सांगा लवकर!"

माझा मोबाइल पँटच्या उजव्या खिशात होता. माझे दोन्ही हात दोऱ्यांना होते. काठावर माझी पोर, जी आज नाही भरली तर कदाचित कधीच फॉर्म भरणार नव्हती, मान वर करून माझ्याकडे बघत होती. चाळीस मिनिटांच्या भाषणात मी 'जिवावर उदार होऊन' हे शब्द अनेकदा वापरतो. त्यांचा अर्थ मला उजवा हात सोडताना कळला.

मोबाइल निघाला. पण चष्मा तळ्यात! मी हात लांब केला, मान मागे केली.

"चार... सात... तीन! का आठ आहे?"

"मला काय इचारता? नीट बघा!"

"आठ! नाही, तीन!"

"गेला! टाइम संपला! दुसरा पाठवायलेय!"

बांधावरून हळहळ ऐकू आली. आता सगळी मंडळी फॉर्ममध्ये गुंतली होती. कुणी म्हणालं, "गुरुजी, डोळे बारीक करा!" मी डोळे बारीक केले. दुसरा ओटीपी आला. एकेक आकडा मी कवायतीच्या आवाजात ओरडलो आणि सगळा बांध माझ्यामागून ओरडला. सहावा आकडा झाला. प्रणिताने बटण दाबलं.

"झालं, पप्पा! लागला!"

मी आनंदाने दोन्ही हात वर केले.

पाणी छातीएवढं निघालं. पाऊण तास ज्याच्या भीतीने मी कुलदैवताला नवस बोलत होतो, ते रब्बीच्या हरभऱ्याला देऊन देऊन छातीएवढं राहिलं होतं! मी रुबाबात काठाकडे चालत गेलो. पण शेततळ्याला आतून प्लास्टिक असतं, आणि त्यावर शेवाळ असतं. दोन पावलं चढलो की चार पावलं खाली. असा मी चारदा घसरलो, आणि चारही वेळा टाळ्या पडल्या. शेवटी सगळ्यांनी मिळून कासऱ्याने मला पोटावर ओढून काढलं.

"फॉर्म गेला का?" मी दात वाजवत विचारलं.

"गेला, पप्पा," ती म्हणाली आणि माझ्या ओल्या अंगालाच बिलगली. मला रडू आलं. चेहरा आधीच ओला होता म्हणून निभावलं.

व्हिडिओ दुसऱ्या दिवशी माझ्याआधी शाळेत पोचला होता. मी वर्गात शिरलो, सगळ्यांचं हसून होईपर्यंत थांबलो आणि हजेरी घेतली. प्रणिताने माळ्यावरून बूट काढले.

मैदानी चाचणीच्या दिवशी परभणीला गेटपाशी मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बाळा, अपयश आलं तरी..."

"पप्पा, भाषण नको. मला आता भ्या वाटंना," ती बुटाची नाडी आवळत म्हणाली. "साऱ्या जिल्ह्यानं तुमाला लटकताना बघितलं, पडताना बघितलं. तरी तुमी सकाळी डबा घेऊन शाळेत गेलात. मी आज कितीबी वाईट पळाले, तरी नापासात आपल्या घरात माझा दुसराच नंबर येतोय."

ती पास झाली. पहिला नंबर अजून माझ्याकडेच आहे.