उपटलेलं बटण

गोदामात सगळे तिला बेअरिंगताई म्हणत. चार हजार प्रकारची बेअरिंगं, त्यातलं कुठलं कोणत्या फळीवर, हे तिला तोंडपाठ. पण एकोणीस वर्षांत बाईने सलग तीन दिवस सुट्टी घेतली नव्हती. ऑर्डरींचा प्रोग्रॅम मागच्या खोलीतल्या एकाच कॉम्प्युटरवर होता आणि तो हिच्याशिवाय कोणाला जुमानत नव्हता. लेकीच्या पहिल्या बाळंतपणालाही ती जाऊ शकली नाही. ते तिला अजून सलत होतं.

आता दुसरं बाळंतपण महिन्यावर आलं होतं, आणि नेमका याच वेळी मालकांनी प्रोग्रॅम ब्राउझरवर न्यायचा ठरवला. म्हणजे इंटरनेट असेल तिथून काम! ताईला हर्षवायू व्हायचाच बाकी होता. पण मालक ताकसुद्धा फुंकून पिणारे.

"आज दुपारपर्यंत सगळ्या ऑर्डरी नव्यावर चढल्या, तर खुशाल लेकीकडे बसून काम करा. नाहीतर आपला जुनाच बरा."

ताईने बावीस ओळींची पहिली ऑर्डर भरली, सवयीने एफ-पाच दाबलं, आणि पान कोरं! पुन्हा भरली, पुन्हा कोरं. मालक घड्याळाकडे बघायला लागले.

तिने सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला. तो हसतच सुटला. "ताई, एफ-पाचने सेव्ह व्हायचं ते जुन्यात. ब्राउझरमध्ये त्याने पान नव्याने उघडतं. सेव्हचं बटण खाली आहे बघा."

डोक्याला कळलं, पण बोटांना कोण सांगणार? एकोणीस वर्षांची खोड ती! तिसऱ्यांदाही बोट तिथेच गेलं. मग मात्र ताईने केसांतली पिन काढली, एफ-पाच उपटलं आणि पर्समध्ये टाकलं.

"आता दाब म्हणावं!"

बोट रिकाम्या जागी जाऊन अडखळे, तिला हसू फुटे आणि ती निमूट खालचं सेव्ह दाबे. पावणेबाराला शेवटची ऑर्डर चढली. मालकांनी सगळ्या ऑर्डरी स्वतःच्या मोबाइलवर उघडून तपासल्या.

"निघायची तयारी करा," ते म्हणाले. ताईला नाचावंसं वाटत होतं. फळ्यांच्या मागे जाऊन ती थोडी नाचलीसुद्धा.

महिन्याभराने, आठ दिवसांची नात मांडीवर घेऊन ताई ऑर्डरी भरत होती. लेक लॅपटॉपकडे बघून किंचाळली, "आई! माझ्या कीबोर्डचं बटण कोणी उपटलं?"

"हळू बोल, उठेल ती," ताई म्हणाली. "पर्समध्ये ठेवलंय. मी इथे आहे तोवर राहू दे."