निरोपामागचा पक्षी

चष्मेवाल्याचा स्वभाव असा की, आपलं चुकलंय हे त्याला सगळ्यांच्या आधी कळायचं आणि कबूल करायला मात्र त्याची जीभ रेटायची नाही. दुकानात त्याचं भागून जायचं. फ्रेम वाकडी बसली की तो गिऱ्हाइकाला सरळ सांगायचा, "चष्मा बरोबर आहे हो. तुमचा एक कान वर आहे, त्याला मी काय करू?" गिऱ्हाईक बिचारं आरशासमोर कान चाचपत बसायचं. तेवढ्यात हा आतल्या खोलीत जाऊन काडी गरम करायचा, अंगठ्यानं बेतानं वळवायचा आणि उपकार केल्यासारखा चष्मा परत आणून द्यायचा. गावभरच्या कानांची बदनामी करून या गड्यानं संसार केला.

पण घरात असं कुणाच्या कानावर ढकलून भागत नाही.

त्याला एकच लेक. ती वाढली ती दुकानातच, काउंटरच्या मागे, रिकाम्या चष्म्याच्या डब्यांचे मनोरे रचत. पुढे शाळेतून आली की नाकाला टेकणारी बटणं बदलून द्यायची, धागा ओवावा तसे बारीक स्क्रू फिरवायची. बापाच्या हातात होती ती सगळी कला तिच्या बोटांत उतरली होती, आणि थोडी तोंडातही उतरली होती. बापाला वाटलं, झालं, आपली काळजी मिटली. एके दिवशी त्यानं गुपचूप नवी पाटी करून आणली, वर कापड टाकलं, लेकीला फुटपाथवर उभं केलं आणि मोठ्या ऐटीत कापड ओढलं. पाटीवर लिहिलं होतं, "चष्मेघर. बाप आणि लेक."

लेक पाटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, मला विचारलंत का?"

"यात विचारायचं काय?"

तिला दुसऱ्या गावात वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात काम शिकायला जायचं होतं. बासरी, पेटी, बिघडलेलं काहीही. सांगायला ती चांगली वेळ शोधत होती, आणि वेळ आली ती ही अशी. तिथेच फुटपाथवर दोघांची जुंपली. बापाच्या नाकावर राग, लेकीच्याही नाकावर तोच राग, चष्म्याचा नंबर जसा घराण्यात चालत येतो तसा. शेवटी हा बोलून गेला, "जायचं तर जा! आणि कुठे आहेस ते मला कळवायची तसदीसुद्धा घेऊ नकोस!"

लेक गेली. आणि बापाचा शब्द तिनं तंतोतंत पाळला.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, बायकोला विचारायचं. बायकोला सगळं माहीत होतं. लेक तिच्या फोनवर अधूनमधून आवाजी निरोप पाठवायची. बायको तर स्वतःहून म्हणायची, "विचारा ना, लगेच सांगते. एका शब्दाचं काम आहे." यावर हा म्हणायचा, "मला काय करायचंय!" आणि दुर्बिणीच्या काचा पुसायला घ्यायचा. पुसून पुसून त्या काचा झिजायच्या बाकी राहिल्या होत्या.

बायकोही काही कमी नव्हती. निरोप आला की ती स्वयंपाकघरात मुद्दाम मोठ्या आवाजात लावायची आणि हा बाहेरच्या खोलीत श्वास रोखून ऐकायचा. "आई, मी बरी आहे गं. खोलीत ऊन चांगलं येतं. काल भात करपला. इथले मास्तर चांगले आहेत, ओरडतात पण शिकवतात." संपला की हा पुन्हा काचा पुसायला लागायचा. लेकीच्या खोलीतला पलंग रोज नीट केलेलाच असायचा, तरी हा सकाळी जाऊन उशी सरळ करून यायचा. कुणी बघितलंच तर म्हणायचा, "खिडकी लावायला आलो होतो."

दुर्बीण कशासाठी, तेही सांगायला हवं. चष्मेवाल्याला पक्ष्यांचं वेड होतं. फोनवर पक्षी बघणाऱ्यांचा एक गट होता, नाव 'पानाआड', आणि तो याच्याच देखरेखीखाली चालायचा. गटात कुणी कुणाला समोरासमोर पाहिलेलं नव्हतं आणि कोण कुठल्या गावचं हेही कुणी विचारत नसे. एक पेन्शनीतले आजोबा होते. त्यांचा फोटो कधी स्पष्ट आला नाही, म्हणून त्यांना सगळे 'धूसर' म्हणायचे, आणि ते स्वतःही खाली 'आपला धूसर' असंच लिहायचे. ते एखादा करडा ठिपका पाठवून विचारायचे, "हा ससाणा असावा का?" लगेच कुणीतरी म्हणायचं, "आजोबा, ते झाडाचं खोड आहे. पण खोड छान आहे."

आणि होती बेकरीताई. तिची पहाट भट्टीपाशी जायची, त्यामुळे पहिला पक्षी रोज तीच सांगायची. ती टाइप करायची नाही, हात पिठात असायचे म्हणून बोलूनच निरोप पाठवायची, मागे ट्रे आपटल्याचा आवाज. "चष्मेदादा, उठलात का? इथे दयाळ गातोय आणि तुम्ही लोळताय!" हा म्हणायचा, "ताई, आधी तुमचा पाव करपत नाही ना बघा." दिवसभर असं काहीबाही चालायचं. कुणाची गुडघेदुखी, कुणाचं मांजर, मध्येच एखादा खंड्या. लेक गेल्यापासून चष्मेवाला या गप्पांवरच तगून होता. लेक गेली एवढं फक्त त्यानं बेकरीताईला एकदा सांगितलं होतं. तिनं जास्त विचारलं नाही. "भूक लागते ना वेळेवर?" एवढंच म्हणाली.

गटाचा एक नियम होता आणि तो चष्मेवाल्यानं स्वतः लिहिला होता. मागे कुणीतरी घुबडाच्या ढोलीचा पत्ता टाकला होता. मग काय विचारता, माणसं कॅमेरे घेऊन धावली, फ्लॅश मारले, शिड्या लावल्या, आणि घुबडाची जोडी अंडी टाकून निघून गेली. तेव्हा हा इतका भडकला होता की त्यानं त्या माणसाला गटातून हाकललं आणि लिहिलं, "घरट्याचं ठिकाण विचारायचं नाही आणि सांगायचं नाही. दिसलंच तर लांबून बघायचं. पाखरू दचकलं तर आपण मागे सरायचं." त्यानंतर कुणी नुसतं "कुठे दिसला?" म्हटलं तरी हा डोळे वटारायचा. म्हणजे तसं चिन्ह पाठवायचा.

एक दिवस लेकीचा निरोप वाजत असताना चष्मेवाल्याचा हात काचेवर थांबला. लेकीच्या आवाजामागे एक पक्षी बोलत होता.

आधी साळुंकीसारखं किरकिरं, मग मध्येच तीन तुटक आणि एक लांबलचक शिट्टी. परत तसंच. त्यानं ओळखलं नाही! त्यानं, ज्यानं लेकीला लहानपणी गच्चीवर नेऊन, तिच्या डोळ्यांवर हात ठेवून "सांग, कोण बोललं?" असं विचारत सगळी पाखरं शिकवली होती. तिच्या त्या छोट्या पापण्या तळहाताखाली मिटायच्या, ते अजून त्याच्या हाताला आठवत होतं.

आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पक्षी कळला तर जागा कळेल. कुणाला विचारायला नको, कुणाच्या पाया पडायला नको. पक्ष्यावरून गाव काढू! बायको भाजी आणायला गेली तशी त्यानं तिच्या फोनवरून निरोप स्वतःला पाठवला, दुकानात बसून लेकीचा आवाज कापला, फक्त पक्षी ठेवला आणि गटात टाकला. "कोण आहे हा? आणि साधारण कुठल्या भागात असा बोलतो?"

धूसर आजोबा म्हणाले, "हा ससाणा असावा का?"

मग बेकरीताईचा निरोप आला, आणि ती हसत सुटली होती. "अहो चष्मेदादा, ही तर माझी भट्टी! ट्रे काढायची वेळ झाली की तिचा गजर असाच वाजतो, तीन तुटक आणि एक लांब. समोरच्या कौलांवर एक साळुंकी बसते, तिनं ते उचललंय. कितीदा तरी मी उगाच भट्टीचं दार उघडते आणि आत पाव कच्चे! या बयेनं माझ्या धंद्याचं वाटोळं केलंय. पण तुमच्याकडे कुठून आली ही?"

दुकानात कुणी तरी चष्मा परत करायला आलं होतं, त्याला "बसा" म्हणून तो आतल्या खोलीत गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं बेकरीताईला फोन लावला.

"ताई, तुमची बेकरी कुठल्या गावात आहे?"

"का हो?"

त्यानं सगळं सांगितलं. पाटी, फुटपाथ, आपलं बोलणं, सगळं. पलीकडे ट्रेंचा आवाज थांबला.

"पाठीवर पिशवी, केस आखूड?" ताईनं हळूच विचारलं.

"गेली तेव्हा लांब होते."

"येते एक मुलगी पाव घ्यायला. मागे माझ्या चष्म्याची काडी वाकली होती. तिनं न विचारता चष्मा माझ्या नाकावरून काढला, भट्टीच्या दाराशी काडी धरली, कोमट झाल्यावर बोटांनी वळवली आणि परत घातला. तरी मला वाकडाच वाटत होता. तर म्हणते कशी, चष्मा बरोबर आहे हो, तुमचा एक कान वर आहे."

चष्मेवाला खाली बसला. स्टूल होतं म्हणून बरं. त्याला हसू आलं आणि तेवढ्यातच डोळ्यांना धार लागली, आणि भर दुकानात, बाहेर गिऱ्हाईक बसलेलं असताना, तो लहान मुलासारखा रडला.

"ताई, गाव सांगा," तो म्हणाला. "आत्ता निघतो."

"नाही सांगणार."

"काय?"

"घरट्याचं ठिकाण विचारायचं नाही आणि सांगायचं नाही. नियम कुणाचा?"

"तो पक्ष्यांसाठी आहे!"

"पक्ष्याला विचारता येत नाही, येऊ का म्हणून. त्यासाठी तर तुम्ही नियम केलात. माणसाला विचारता येतं, दादा. आणि तुम्ही विचारताय मला."

त्याला तोंडात मारल्यासारखं झालं. नेहमीचा असता तर त्यानं तिला तिथल्या तिथे गटातून हाकललं असतं. आज त्यानं आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "बरी आहे का ती? एवढं तरी सांगा."

"लांबून बघते हं मी. थोडी वाळलीये. पण आवाज खणखणीत आहे. आणि पाव खाते, माझ्या समोर उभी राहून."

पुढचे काही दिवस चष्मेवाल्यानं गटात तोंड उघडलं नाही. धूसर आजोबांनी एक खरोखरचा ससाणा टाकला, त्यालाही त्यानं दाद दिली नाही, आणि आजोबा बिचारे हिरमुसले. तो दुकानातून येता-जाता पाटीकडे बघायचा. "आणि लेक." आपण ती अक्षरं किती हौसेनं काढून घेतली, रंग कुठला, जाडी किती, सगळं रंगाऱ्याला चार-चारदा विचारलं. जिचं नाव लिहितोय तिलाच तेवढं विचारायचं राहिलं.

मग एका सकाळी तो स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला.

"काय?" बायको म्हणाली. "सांगू गाव?"

"गाव नको. तुझा फोन दे."

तो गच्चीवर गेला. दोन शब्द बोलायचा, मग तो निरोप पुसून टाकायचा. एकदा नुसतं दुकानाचंच बोलला. एकदा स्वतःच चिडला. शेवटी म्हणाला, "अगं, मी बोलतोय. तुझ्यामागे भट्टी वाजवतं ते पाखरू साळुंकी आहे. गाव मला कळलं नाही. म्हणजे मी दुसरीकडे विचारलं होतं, त्यांनी सांगितलं नाही, बरं झालं. ही पाटी... ठेवू का काढू, ते तू सांग. आणि मी येऊ का? तू हो म्हणालीस तरच. माझं चुकलं गं."

उत्तर लगेच आलं नाही. त्या दिवशी त्यानं दोन चष्म्यांना उलट्या काचा बसवल्या आणि कुणाच्या कानाला नाव ठेवलं नाही. संध्याकाळी बायको फोन घेऊन दुकानातच आली. दोघं काउंटरवर कोपर टेकून उभी राहिली.

आधी बराच वेळ नुसती साळुंकी. तीन तुटक, एक लांब. मग लेक.

"बाबा, ओळखायला इतका वेळ? मी दर वेळी मुद्दाम खिडकीत उभी राहून बोलायचे. आईला ऐकू जायला काय, खोलीतूनही गेलं असतं." मग ती थांबली. "पाटी काढा. आणि येण्याचं... इतक्यात नको, बाबा. अजून मला नाही जमणार. पण विचारलंत. परत विचारा."

निरोप संपला. चष्मेवाल्यानं तो पुन्हा लावला नाही. तो स्टूल घेऊन बाहेर फुटपाथवर गेला, वर चढला आणि पेचकस घेऊन पाटीचे स्क्रू काढायला लागला. स्क्रू गंजलेले होते. बायकोनं खालून स्टूल धरलं. पाटी उतरली तशी दोघांनी मिळून ती आत नेली आणि अक्षरांचं तोंड भिंतीकडे करून ठेवली.

"परत विचारा म्हणाली ना?" तो म्हणाला.

"हो."

"मग आत्ता विचारू का?"

"आत्ता नको हो, लगेच."

तो हातावरचा गंज पुसत राहिला. मग बायकोकडे बघून त्यानं विचारलं, "मग कधी विचारू गं?"