मळीतले दाणे वेचणारी

उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्यामागं ती रोज मळीच्या ढिगाशी बसायची. ॲल्युमिनियम वितळवताना वर जी मळी येते, ती थंड झाली की हातोडीनं फोडायची, चाळायची आणि आत अडकलेले धातूचे दाणे वेचून विकायची. पन्नाशीची असावी. प्रत्येक दाणा डब्यात टाकण्यापूर्वी पदरानं पुसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

मग माझ्याच सांगण्यावरून मालकांनी यंत्र आणलं. त्यात गरम मळी गरगर फिरवली की पातळ धातू बाहेर फेकला जातो. त्या दिवशी उरलेली मळी तिनं दुपारपर्यंत चाळली. डबा रिकामाच राहिला.

"मिशीन लई इमानदार हाय, अण्णा," चाळण झटकत ती म्हणाली. "मागं कायबी सोडत न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. महिन्याभरानं पलीकडच्या गल्लीत, एका जुन्या कारखान्याच्या दाराशी ती मळी फोडताना दिसली. मी नजर चुकवून निघालो, तर तिनंच हाक मारली.

"अण्णा, हितल्या मालकास्नी मिशीनचं सांगू नगासा हं."

त्या मालकांनी आदल्याच आठवड्यात माझ्याकडून यंत्राची सगळी माहिती नेली होती. मी नुसती मान हलवली.