कपारीतला डबा

त्या डब्याचं प्रकरण मी विसरलेलो नाही, आणि विसरावं अशी माझी इच्छाही नाही. तेहतीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगड खाल्ले. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलंय. पण ज्यात ना कुणी मेलं, ना काही चोरीला गेलं, ज्याचा साधा गुन्हाही शेवटी नोंद झाला नाही, ते प्रकरण मात्र काल घडल्यासारखं डोक्यात आहे.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. करमाडच्या बाजूला आमच्या ठाण्याची हद्द. एकीकडे शेंद्र्याच्या कंपन्या, दुसरीकडे वनखात्याचे डोंगर. प्रजासत्ताक दिन चार दिवसांवर आला होता. अशा दिवसांत ठाण्यात रजा बंद असतात, लॉज तपासायचे असतात, नाकाबंदी लावायची असते आणि दर तासाला वरिष्ठांना फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणायचं असतं. माझा स्वभाव मुळात तापट, त्यात आठवडाभर धड झोप नव्हती. सकाळच्या हजेरीतच मी दोघांना विनाकारण झापलं होतं.

हजेरी संपते न संपते तोच डोंगराच्या पायथ्याच्या गावातून पोलीस पाटलांचा फोन आला. माणूस भरवशाचा. उगाच फोन करणारा नव्हे. त्यांनी सांगितलं की एक गडी मोटारसायकलवर येतो, मोबाईलमध्ये बघत डोंगर चढतो आणि एका कपारीत हिरवा डबा ठेवून जातो. त्याच्यामागून दुसरेच लोक येतात, तोच डबा काढतात, काहीतरी लिहितात आणि परत तिथंच ठेवतात.

"मागल्या हप्त्यात तर एक गोरा बी आलता, साहेब," ते म्हणाले. "मला काय ह्ये बरं दिसंना." मोटारसायकलचा नंबर त्यांनी आधीच टिपून ठेवला होता.

प्रजासत्ताक दिन तोंडावर, डोंगरात डबा आणि अनोळखी माणसं. पोलिसाच्या डोक्यात दुसरं काय येणार? बॉम्बशोधक पथक बोलावलं. श्वान आला, त्यानं हुंगलं आणि जांभई दिली. पथकानं डबा उघडला तर आत निघाल्या काचेच्या गोट्या, एक किल्लीची साखळी, एक खेळण्यातली मोटार, पेन आणि एक जाडजूड वही. वहीच्या पहिल्या दोन पानांवर इंग्रजीत चमत्कारिक टोपणनावं, पुढं तारखा आणि आकडे. मी दोन पानं बघितली आणि वही मिटली. आकडे दिसले की सांकेतिक भाषा, असं माझं त्या दिवसाचं गणित होतं. पंचनामा करून सगळं ठाण्यात आणलं.

मोटारसायकलच्या नंबरावरून मालक तासाभरात सापडला. आमच्याच हद्दीत राहणारा मुस्लिम तरुण, तिशी ओलांडलेला, एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवणारा. आपण त्याला मास्तर म्हणू. आमच्या माणसांनी त्याला चालू वर्गातून उठवून आणलं. त्याचं नाव कानावर पडल्यावर माझ्या मनात काय आलं, ते लिहायला आज लाज वाटते. पण ते आलं होतं, म्हणून लिहितो. नाव दुसरं असतं तर मी वही पुन्हा उघडून तिसरं पान नक्की उलटलं असतं.

चौकशी सुरू झाली. मास्तर घाबरला होता, पण बोलत होता नीट. म्हणाला, हा खेळ आहे, जगभर खेळतात, जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी डबा लपवतो, जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकतो. दुसरे मोबाईल घेऊन शोधत येतात, वहीत नाव लिहितात आणि डबा होता तसा ठेवतात. लेणी बघायला आलेले परदेशी पाहुणेसुद्धा सवड काढून डबा शोधायला येतात. अक्षांश-रेखांश फळ्यावर शिकवून पोरांच्या डोक्यात शिरत नाहीत, म्हणून आपण या नादाला लागलो, असं त्यानं सांगितलं.

"आणि कुणाच्याही जमिनीत डबे पेरत सुटायचं?" मी विचारलं.

नाही, म्हणाला. मालकाची, नाहीतर जागा सांभाळणाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय डबा ठेवायचाच नाही, हा त्यांचा पहिला नियम. खणायचं नाही, पुरायचं नाही, झाडाला खिळा ठोकायचा नाही. संकेतस्थळाचा एक स्वयंसेवक आधी सगळी माहिती तपासतो, परवानगीचं विचारतो, मगच ती जागा इतरांना दिसते. आणि जागेवाला काढ म्हणाला तर वाद न घालता डबा काढायचा. त्यानं स्वतःहून मोबाईल पुढे केला. त्या स्वयंसेवकाला त्यानं पाठवलेलं पत्र त्यात होतं. वनखात्याच्या स्थानिक कर्मचाऱ्यांनी परवानगी दिली आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं.

मी तिथल्या तिथं वनक्षेत्रपालांना फोन लावला. ते म्हणाले, असा अर्ज नाही, अशी परवानगी नाही, मला तर हा खेळच माहीत नाही. तो डोंगर राखीव वन आहे, विनापरवाना वावर आणि वर आमच्या खात्याचं खोटं नाव घेतलं. संध्याकाळपर्यंत लेखी तक्रार घेऊन येतो.

झालं. माझ्या लेखी मास्तर खोटारडा ठरला. विचारलं, परवानगी दिली कुणी, नाव सांग. इथपर्यंत पोपटासारखा बोलणारा माणूस एकदम गप्प झाला. पुन्हा विचारलं, गप्प. टेबलावर हात आपटून विचारलं, तरी गप्प.

नाव-पत्ता लिहून घेताना आमच्या हवालदारांच्या लक्षात आलं की हेच नाव ठाण्यात आधीच पडून असलेल्या एका कागदावर आहे. मास्तरची शिक्षक भरतीत निवड झाली होती. वैजापूर तालुक्यात कायमची जागा. रुजू होण्याआधीची चारित्र्य पडताळणी आमच्याच ठाण्यात अडकली होती. ज्याच्यावर गुन्हा दाखल आहे, त्याच्या पडताळणीवर काय लिहून जातं हे सांगायला नको. सात वर्षं तासिकांवर काढलेल्या माणसाची नोकरी दारातून परत गेली असती.

ते हत्यार हातात आल्यावर मी वापरलं. कागद त्याच्यासमोर धरला आणि म्हणालो, "नाव सांग, नाहीतर आज रात्रीच्या आत गुन्हा नोंदतो आणि ह्या कागदावर त्याचा नंबर टाकतो."

त्यानं कागदाकडे बघितलं. डोळे भरून आले त्याचे. तरी तोंड उघडलं नाही. चोराचा गप्पपणा मी हजारदा पाहिलाय. चोर गप्प असतो तेव्हा तो समोरच्याला किती माहीत आहे याचा अंदाज घेत असतो. हा माणूस मात्र खाली फरशीकडे बघत होता. हा फरक मला दिसला होता, आणि मी तो मनावर घेतला नाही. निवांत चहा मागवला आणि वनक्षेत्रपालांची वाट बघत बसलो.

आता आमच्या हवालदारांबद्दल. मुद्देमालाचं काम त्यांच्याकडे. जप्त केलेल्या प्रत्येक वस्तूचं वर्णन रजिस्टरला लिहायचं. भारी संथ माणूस. मी त्यांना चिडवायचो की तुमच्या हातात कागद दिला की पहिल्या ओळीला जन्मलेलं मूल शेवटच्या ओळीला शाळेत जातं. ते हसायचे आणि त्याच चालीनं लिहीत राहायचे. वही जप्त झाली की लिहिलेली पानं किती, कोरी किती, हे मोजून लिहावं लागतं. आजकाल पुष्कळजण अंदाजे आकडा टाकून मोकळे होतात. ह्यांनी चष्मा पुसला आणि एकेक पान उलटत बसले.

चहा संपायच्या आत ते माझ्या खोलीत आले. वहीत बोट घातलेलं.

"साहेब, हिच्यात गस्त हाय," ते म्हणाले.

मला काही कळेना. त्यांनी वही उघडून पुढ्यात ठेवली. बँकेबाहेर, एटीएमजवळ आमची एक छोटी वही टांगलेली असते. गस्तीवरचा शिपाई तिथं जाऊन वेळ टाकतो आणि सही करतो. अगदी तशीच नोंद होती. परदेशी टोपणनावांच्या आणि "मजा आली" छापाच्या वाक्यांच्या मधोमध, निळ्या शाईत, सरकारी अक्षरात: "बीट फिरती केली. डबा सुस्थितीत आढळला." खाली सही, वनरक्षक, बीटाचं नाव, दिनांक. दर पंधरा दिवसांनी अशी एक नोंद. एके ठिकाणी लिहिलेलं, "पाणवठ्याकडे कोणीही जाऊ नये, जनावरे पाण्यावर येतात. प्लास्टिक टाकू नये." आणि त्याच्या खाली, वेगवेगळ्या हातांनी, "एक पिशवी कचरा खाली नेला", "दोन पिशव्या नेल्या."

सही त्या बीटाच्या वनरक्षक बाईंची होती. खेळाची वही खात्याचं रजिस्टर समजून त्यांनी इमानेइतबारे भरली होती.

मी वही मास्तरसमोर ठेवली आणि त्या सहीवर बोट ठेवलं. त्याला सुटका दिसायला हवी होती. त्याचा चेहराच उतरला.

"साहेब, ते पान तेवढं बाजूला काढा," तो म्हणाला. "बाई नवीन लागल्यात. परवानगी द्यायचा अधिकार त्यांना नाय, हे मलाही आत्ताच कळलं. त्यांची नोकरी जाईल."

दिवसभरात त्यानं माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. पाणी मागितलं नाही, घरी फोन मागितला नाही, स्वतःच्या नोकरीचं अक्षर काढलं नाही. आपल्याला वाचवणारं पान फाडा म्हणून तो मला विनवत होता. मी खुर्चीतून उठलो आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो, कारण समोर बसवेना.

निरोप धाडायच्या आधीच त्या वनरक्षक बाई आल्या. गावात बातमी लागली होती, तशी स्कूटी काढून थेट ठाण्यात. वय पंचवीसच्या आसपास, अंगावर गणवेश, बुटांवर डोंगराची धूळ. त्यांच्या पाठोपाठ वनक्षेत्रपालही तक्रारीचा टाईप केलेला कागद घेऊन हजर. आपले साहेब समोर असताना बाईंनी सांगून टाकलं.

"सरांनी मला विचारलं व्हतं. मी तोंडी हो म्हटलं. लेखी वरून घ्यावं लागतं हे मला ठावं नव्हतं. सरांवर केस करायची तर आधी माझं नाव घाला."

वनक्षेत्रपालांनी वही मागितली. बराच वेळ ते पानं उलटत राहिले. कचऱ्याच्या नोंदी त्यांनी दोनदा वाचल्या. मी मनात म्हटलं, आता ह्या गृहस्थाच्या हातात दोन नोकऱ्या आहेत. खात्याचा माणूस चिडला तर वरच्या वर एकाला निलंबित आणि एकाला आरोपी करू शकतो. त्यांनी तक्रारीचा कागद चार घड्या करून खिशात घातला.

"माझ्याच माणसाची सही असताना मी ह्याला विनापरवाना कसं म्हणू?" ते म्हणाले.

मग ठाण्याच्याच टेबलावर मास्तर आणि वनक्षेत्रपालांची बैठक बसली आणि मी बघत राहिलो. मास्तरनं तिथंच अर्ज लिहिला. कपार पाणवठ्याच्या फार जवळ होती, म्हणून डबा पायवाटेच्या कडेला हलवायचं ठरलं. उन्हाळ्यात वणव्याच्या दिवसांत डबा बंद ठेवायचा, हे वनक्षेत्रपालांनी सांगितलं आणि मास्तरनं लगेच मान्य केलं. डब्यावर बाहेरून मराठीत मोठ्या अक्षरात लिहायचं की हा खेळाचा डबा आहे, आणि परवानगीची एक प्रत ठाण्याला, एक पोलीस पाटलांना. ही शेवटची सूचना माझी. बाईंना साहेबांनी समज दिली, तीही हसू दाबत. यापुढं सही आपल्या रजिस्टरवर करायची. मी स्टेशन डायरीत नोंद घेतली, दखलपात्र काही आढळलं नाही.

सगळे गेल्यावर मास्तर मागं थांबला. त्याची मोटारसायकल आमच्या आवारात होती, किल्ली हवी होती. मी किल्ली दिली आणि उभा राहिलो. आयुष्यात पुष्कळांना मी ठाण्यात उभं केलं, पण कुणासाठी उभा राहून असं बोललो नव्हतो.

"मास्तर, माझं चुकलं," मी म्हटलं. "तुम्हाला वर्गातून आणलं ते चुकलं, आणि तो कागद दाखवून धमकावलं ते तर फारच चुकलं."

त्यानं किल्ली खिशात घातली आणि म्हणाला, "वर्गातून नेलं ते लई लागलं, साहेब. खोटं कशाला बोलू?"

दुसऱ्या दिवशी मी त्या महाविद्यालयात गेलो. गणवेशात गेलो. त्याच वर्गात, त्याच मुलांसमोर सांगितलं की तुमच्या सरांकडून आम्हाला मदत हवी होती, त्यांनी ती केली, आणि आमच्या आणण्याच्या पद्धतीत चूक झाली. मुलं टाळ्या वाजवायला लागली. मास्तर फळ्याकडे तोंड करून उभा होता.

लोक मला म्हणतात, साहेब, तुम्ही त्या पोराची नोकरी वाचवलीत. ते ऐकून मला ओशाळल्यासारखं होतं. त्या दिवशी मी एका निरपराध माणसाचं आयुष्य नासवायला निघालो होतो, आणि मला अडवलं एका संथ हवालदारानं, एका नवख्या बाईनं आणि खिशात तक्रार घालणाऱ्या त्या अधिकाऱ्यानं. चौथा मास्तर स्वतः. या चौघांचे उपकार मी मानतो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कुठलीही जप्त वही मी शेवटच्या पानापर्यंत वाचली, आणि कुणी गप्प बसला की तो कुणाला झाकतोय का, हे आधी स्वतःला विचारलं.

वर्गातून परत आलो त्याच दुपारी मी मास्तरच्या पडताळणीचा कागद हवालदारांकडून मागून घेतला आणि स्वतः भरला. गुन्हे या रकान्यात निरंक लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात नेहमी "वर्तणूक चांगली" एवढंच लिहितात. मी लिहिलं, "स्वतःचं नुकसान होत असतानाही दुसऱ्याला अडचणीत न आणणारा माणूस. मी स्वतः खात्री केली आहे." दोन दिवसांनी वरच्या कार्यालयातून लिपिकाचा फोन आला की असा शेरा नमुन्यात बसत नाही, दोन शब्दांत बदलून द्या.

मी म्हटलं, "राहू द्या तसाच. तो खरा आहे."