लाल की केशरी

परतूरला एका लॅबमध्ये मी रक्त तपासायचं काम करते. काचपट्टीवर जे दिसलं नाही ते रिपोर्टात लिहायचं नाही, ही आमच्या कामातली पहिली शिकवण. नोकरीत मी ती कधी मोडली नाही. मोडली ती एका रविवारी, माहेरच्या शेतात, एका फुलपाखरासाठी.

फुलपाखरांचा नाद मला चाळिशीनंतर लागला. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि नुसतं चालणं काही मला जमेना. मग एक जुना कॅमेरा घेतला. जालन्याचे एक निवृत्त प्राध्यापक जिल्ह्यातल्या फुलपाखरांची यादी करत होते. त्यांच्या फोनवरच्या गटात मीही शिरले. फोटो टाकायचा, सर नाव सांगायचे, आणि यादीत नोंद व्हायची.

गेल्या हिवाळ्यात दिवाळी उलटून महिना झाला होता. गवत वाळलं होतं आणि फुलपाखरं सरत आली होती. मंठ्याजवळ भावाचं शेत आहे. त्याच्या बांधावर कंथारीची काटेरी जाळी आहे, पुरुषभर उंच. उन्हं कलली होती, मी परत निघाले होते, कॅमेरा पिशवीत घातलेला. तेवढ्यात जाळीवरून एक पांढरं फुलपाखरू सुसाट गेलं. पंखांची टोकं लाल. दोन-तीन श्वासांपुरतं दिसलं असेल, आणि तुरीत गडप झालं.

या जातीला आम्ही आपसात लालटोकी म्हणतो. आमच्या यादीत ती नव्हती. बसमध्ये बसल्या बसल्या मी गटावर लिहून टाकलं, 'आज लालटोकी दिसली. फोटो मिळाला नाही.' लोकांनी अभिनंदन केलं. सरांनी विचारलं, "लालच होती ना?" मी म्हणाले, "हो सर, लालच." त्यांनी माझ्या शब्दावर नोंद घेतली.

पुढं पावसाळ्यात कुणीतरी केशरटोकीचा फोटो टाकला. तीही पांढरीच, तशीच सुसाट उडणारी, फक्त टोकं केशरी. तो फोटो मी पुन्हा पुन्हा मोठा करून पाहिला. आपण नक्की काय पाहिलं होतं? डोळे मिटून आठवू गेलं की कधी लाल दिसायचं, कधी केशरी. कुणी मला खोटं ठरवलं नव्हतं. पण गटावर लालटोकीचं नाव निघालं की मी फोन पालथा ठेवायचे.

या हिवाळ्यात सरांनी कळवलं की यादी आता छापायला द्यायची आहे, जानेवारीअखेरपर्यंत काय ते पाठवा. मी ठरवलं, फोटो काढायचाच. सुट्टीच्या दिवशी सकाळच्या बसनं मंठ्याला, तिथून भावाच्या शेतात. पहिल्या रविवारी इतका गारठा होता की अकरापर्यंत बांधावर काही हललं नाही. दुसऱ्या रविवारी दिवसभर आभाळ होतं. रिकाम्या हातानं परतले.

वहिनी हरभऱ्याच्या रानात भाजी खुडत होती. ती म्हणाली, "वन्सं, मी रोज बघून राह्यले तुमच्या पाखराला. ऊन तापल्याबिगर ते बिलकुल उठत न्हाई. आन् बसतंय बी कंबरमोडीच्या फुलावर, जाळीवर न्हाई."

"लाल आहे का गं ते?"

"तेवढं जवळून कुठं बघितलं. पळतंय की."

तिसऱ्या रविवारी बसमध्ये खिडकीशी बसले होते. वाटलं, आज नाही दिसलं तर? आणि मग दुसरा विचार आला, तो जास्त बोचला. आज लालटोकी दिसली, तरी गेल्या वर्षी तीच होती हे कशावरून? फोटो आजचा असेल, शब्द तर तेव्हाचाच. मंठ्याच्या स्टँडवर उतरले आणि तिथूनच सरांना फोन लावला.

"सर, गेल्या वर्षीची माझी लालटोकीची नोंद काढून टाका. माझी खात्री नाही."

ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. मी काढतो."

"तुम्ही तेव्हा विचारलं होतं, सर. मी हो म्हणाले होते."

"आपल्याला पाहिजे ते डोळ्याला दिसतं, ताई. माझ्याही दोन नोंदी मी अशाच खोडल्यात."

तेवढंच बोलणं. स्टँडवर चहा घेतला. कितीतरी महिन्यांनी चहाची चव लागली. तिथूनच परत फिरावं असंही एकदा वाटलं, पण वहिनी वाट बघत होती.

बारा वाजता ती बांधावरून हळूच हात हलवू लागली. मी जवळ गेले. कंबरमोडीच्या फुलावर ते बसलं होतं, पंख मिटून. मिटलेल्या पंखांवरून काहीच कळत नव्हतं. मी पोटावर आडवी झाले. गवताची कुसळं साडीतून टोचत होती. वहिनी माझ्यामागं, सावली पडणार नाही अशी, उकिडवी बसली. ढगाचा एक तुकडा सरकला, ऊन आलं, आणि पंख उघडले.

वहिनी कुजबुजली, "हे लाल न्हाई वो, केशरी हाय."

केशरीच होतं, अगदी झेंडूसारखं, एका पंखाची कड फाटलेली. मी सहा-सात फोटो घेतले.

भाकरी खाऊन, चार वाजून गेल्यावर आम्ही पुन्हा बांधावर आलो. तीच फाटक्या कडेची केशरटोकी आता कंथारीच्या फांदीवर बसली होती, तिरप्या उन्हात पंख अर्धे उघडे टाकून. आणि तिची टोकं लाल दिसत होती. मी बाजूला सरकून पाहिलं, एक फोटो घेतला, वहिनीला पुढं केलं.

"आता बराबर लाल दिसायलंय," ती म्हणाली. "दुपारी केशरी होतं की."

मी तिथंच बांधावर बसले आणि हसू लागले. वहिनीला काही कळेना, मग तीही हसली. गेल्या वर्षीची वेळही अशीच होती, ऊनही असंच. मी खोटं बोलले नव्हते. बघण्यात चुकले होते, आणि ती चूक आता मला डोळ्यांसमोर दिसत होती.

कॅमेऱ्याच्या पडद्यावरून दुपारचा एक आणि आताचा एक फोटो फोननं टिपून सरांना पाठवला, खाली वेळा लिहून. त्यांचं उत्तर आलं, 'केशरटोकी यादीत आहे, पण जानेवारीतली नोंद नव्हती. हा दुसरा फोटोही ठेवून घेतो, नव्या लोकांना दाखवायला.'

वहिनीनं दुपारचा फोटो स्वतःच्या फोनवर मागून घेतला आणि तिथूनच आपल्या आईला पाठवला. मला शेवटची बस मिळाली. सेलू फाटा कधी गेला ते कळलंच नाही. परतूरच्या स्टँडवर कंडक्टरनं उठवलं तेव्हा गाडी रिकामी झाली होती.